दगडातला ड्रॅगन

[सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्या एका गरीब मुलीला कड्याच्या पोटात एक अजस्र सांगाडा सापडला. त्या शोधाने तिचे आयुष्य बदलले. इतकेच नव्हे, तर पृथ्वीच्या वयासंबंधी विद्वानांच्या कल्पनाही बदलण्यास साह्य झाले. मेरी अ‍ॅनिंग हिची ही चरित्रकथा आहे. संकटात डळमळू न देणारे धैर्य, स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय आणि स्वाध्यायाची चिकाटी या गुणांचे दर्शन तीत घडते.]

देवघरातील शाळिग्राम तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. काळाभोर, गुळगुळीत आणि आकाराच्या मानाने जड असा हा दगड हातात घेतला की मन प्रसन्न होते. काही शाळिग्रामांना छिद्र असते आणि त्यातून डोकावले असता आत चक्रासारखी सुबक नक्षी दिसते. हे विष्णूचे चक्र होय, या श्रद्धेने आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या त्याची पूजा होत आली आहे. हे दगड नेपाळातील काली गंडकी नदीच्या पात्रात सापडतात. भूशास्त्रज्ञ सांगतात की, ती नक्षी म्हणजे अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या कवचाचा ठसा होय. जेथे आज हिमालयाची शिखरे उभी आहेत, तेथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता. त्याच्या तळाच्या गाळात हे प्राणी मरून पुरले गेले. गाळाचा दगड झाला, दगडाचा पर्वत झाला आणि पर्वतातून वाहणाऱ्या नदीने तो ठसा पुन्हा माणसाच्या हाती दिला. प्राण्यांचे अथवा वनस्पतींचे असे दगडात जतन झालेले अवशेष म्हणजेच जीवाश्म.

असेच वेटोळ्यांचे दगड इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लोकांनाही सापडत. ते त्यांना ‘सर्पशिला’ म्हणत. साप वेटोळे घालून बसला आणि तसाच दगड झाला, अशी त्यांची समजूत. लहान दगडाचा साप झाला, तर मोठ्या हाडांचे काय होईल? त्यांचा ड्रॅगन झाला! युरोपातील कथांमधला ड्रॅगन म्हणजे अंगभर खवले, वटवाघळासारखे पंख आणि मुखातून ज्वाळा ओकणारा महासर्प. ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट या गावी ड्रॅगनचा एक जुना दगडी पुतळा आहे. त्याचे डोके घडविताना तेथे सापडलेली एक प्रचंड कवटी समोर ठेवली होती, असे सांगतात. ती कवटी हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची होती, हे पुढे विद्वानांनी ओळखले. चीनमध्ये तर ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून जीवाश्म कुटून औषधात घालीत. तात्पर्य, माणसाला न कळलेले हाड दिसले की तो त्याची गोष्ट रचतो. गोष्ट रचणे वाईट नव्हे. परंतु गोष्टीपाशीच थांबले, तर ज्ञानाचा मार्ग खुंटतो. त्या मार्गावर पुढे गेलेल्या एका मुलीची ही हकीकत आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात, लाइम रेजिस नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाच्या दोन्ही अंगांस समुद्रावर उभे कडे आहेत. निळसर करड्या चुनखडीचा एक थर, त्यावर चिकणमातीचा एक थर, पुन्हा चुनखडी, पुन्हा माती, अशी त्या कड्यांची रचना. जणू एखाद्या जाडजूड ग्रंथाची पाने एकावर एक रचून ठेवलेली. हे थर सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचे आहेत. हिवाळ्यात वादळे सुटतात, पावसाने माती भिजते, लाटा कड्याचा पाया पोखरतात आणि दरड कोसळते. दरड कोसळली की त्या ग्रंथाचे एक नवे पान उघडते. परंतु ते फार काळ उघडे राहत नाही. भरतीच्या लाटा दोन-चार दिवसांत ते पुसून टाकतात. म्हणून जीवाश्म गोळा करावयाचे, तर ते ऐन हिवाळ्यात, थंडीवाऱ्यात आणि ओहोटीच्या मोजक्या वेळातच करावे लागते.

या गावी २१ मे १७९९ रोजी मेरी अ‍ॅनिंगचा जन्म झाला. तिचे वडील रिचर्ड अ‍ॅनिंग हे लाकडी सामान घडविणारे सुतार होते. घरात अनेक मुले जन्मली. परंतु वाढीस लागली ती दोनच, थोरला जोसेफ आणि धाकटी मेरी. मेरी सव्वा वर्षाची असताना एक विलक्षण प्रसंग घडला. ऑगस्ट १८०० मध्ये गावाबाहेर घोडेस्वारीचे खेळ चालले असता एकाएकी वादळ आले. एक शेजारीण मेरीला कडेवर घेऊन दोन स्त्रियांसह झाडाखाली उभी राहिली. त्या झाडावर वीज कोसळली. तिन्ही स्त्रिया जागीच गतप्राण झाल्या. मेरी तेवढी वाचली. पुढे ही मुलगी हुशार निघाली तेव्हा गावकरी म्हणू लागले की, हा सारा त्या विजेचा प्रताप! वीज पडून बुद्धी आली असती, तर शाळा काढण्याची कोणालाच गरज पडली नसती. मेरीची बुद्धी कशाने घडली, हे पुढील वृत्तांतावरून दिसून येईल.

रिचर्ड अ‍ॅनिंग यांना सुतारकामाखेरीज आणखी एक नाद होता. फावल्या वेळी ते कड्यांवर हिंडत, सर्पशिला व इतर चमत्कारिक दगड गोळा करीत, ते घासून-पुसून स्वच्छ करीत आणि दुकानाबाहेर मेजावर मांडून ठेवीत. त्या काळी फ्रान्सशी युद्ध चालू असल्यामुळे इंग्लंडमधील धनिकांना परदेशी जाता येत नसे. ते हवापालटासाठी आपल्याच देशातील समुद्रकाठी येत आणि आठवण म्हणून असे दगड विकत घेत. वडील दोन्ही मुलांना बरोबर नेत. कोणत्या थरात काय सापडते, दगडाला हातोडी कोठे मारावी व कोठे मारू नये, भरतीचे पाणी कधी वळते, हे सर्व मेरी वडिलांच्या पाठीमागे चालता चालता शिकली. अक्षरओळख तेवढी तिला प्रार्थनामंदिराच्या रविवारच्या शाळेत झाली. तिला लाभलेले शालेय शिक्षण ते एवढेच.

१८१० साली घरावर आघात झाला. रिचर्ड अ‍ॅनिंग काही काळापूर्वी कड्यावरून पडले होते. त्यातच क्षयाची व्यथा जडली आणि ते निवर्तले. त्यांचे वय अवघे ४४ वर्षांचे होते. घरात शिल्लक काही नव्हती. उलट सुमारे १२० पौंडांचे कर्ज होते. युद्धामुळे धान्य महाग झालेले, कुटुंबाला गावाच्या धर्मादाय निधीतून मिळणाऱ्या मदतीवर दिवस कंठावे लागले. जोसेफ खुर्च्यांना गाद्या व कापड चढविणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी करू लागला. डोक्यावरचे छत्र हरपले तेव्हा मेरी अकरा वर्षांची होती. अशी गोष्ट सांगतात की, एके दिवशी ती किनाऱ्यावरून एक सुरेख सर्पशिला घेऊन येत होती. वाटेत एका बाईंनी ती पाहिली आणि अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग, देऊन विकत घेतली. एका दगडाचे अडीच शिलिंग! मेरीने त्याच क्षणी निश्चय केला की, वडिलांचा नाद हाच आता घरचा उद्योग करावयाचा.

आणि मग १८११ साल उजाडले. कड्याखाली हिंडत असताना जोसेफला खडकात काही वेगळेच दिसले. भावंडांनी तो खडक मोकळा केला तो आतून एक कवटी बाहेर आली. ती एखाद्या कुत्र्याची वा घोड्याची नव्हती. चार फूट लांब! चोचीसारखा पुढे निघालेला निमुळता जबडा, त्यात टोकदार दातांच्या रांगा आणि त्यामागे थाळीएवढी डोळ्याची खोबण. त्या खोबणीत हाडांच्या पट्ट्यांचे एक कडे बसविलेले. बारा वर्षांच्या मुलीने हे रूप पाहिले आणि किंचाळून घराकडे धूम ठोकली असती, तर तिला कोणीही भित्री म्हटले नसते. त्या काळच्या मुलांनी ड्रॅगनच्या गोष्टी आजीच्या मांडीवर ऐकलेल्या होत्या आणि हे तर त्या गोष्टींतलेच तोंड होते.

परंतु मेरी पळाली नाही. तिच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला : डोके येथे आहे, तर धड कोठे आहे?

जोसेफला कामामुळे वेळ नव्हता. शोध करावयाचा तो मेरीनेच. तिने त्या जागेवर लक्ष ठेवले. महिने लोटले. वादळामागून वादळे आली, दरडी कोसळल्या आणि १८१२ साली उरलेल्या सांगाड्याचा माग तिला लागला. पाठीचे मणके, एकामागून एक. मग बरगड्या. मग वल्ह्यासारखा पाय. थोड्याशा मजुरांच्या साह्याने तो सांगाडा कड्यातून बाहेर काढण्यात आला. त्याची लांबी सुमारे १७ फूट भरली! तुमच्या वर्गाच्या एका भिंतीपासून मोजू लागलात, तर समोरची भिंत जवळ येईल, एवढा तो मोठा होता. गावकऱ्यांनी तोंडात बोटे घातली. कोणी म्हणाले राक्षस, कोणी म्हणाले मगर. गावाजवळच्या एका जमीनदाराने तो २३ पौंडांस विकत घेतला. दारिद्र्याने गांजलेल्या त्या घरात काही महिन्यांची भाकरी आली.

पुढे हा सांगाडा लंडनमधील एका खाजगी संग्रहालयात मांडण्यात आला आणि तो पाहण्यासाठी माणसांची रीघ लागली. १८१९ साली ब्रिटिश म्युझियमने तो लिलावात ४५ पौंड ५ शिलिंग देऊन घेतला. दरम्यान विद्वानांमध्ये मोठा वाद माजला. हा प्राणी कोण? १८१४ साली एव्हरर्ड होम या नामांकित शल्यवैद्याने त्यावर निबंध लिहिला. परंतु तो मासा म्हणावा की सरपटणारा प्राणी म्हणावा, याचा निर्णय काही त्यास होईना. त्याचे डोळे भव्य होते, जबडा मगरीसारखा, मणके माशासारखे आणि पाय वल्ह्यासारखे! अखेर त्यास ‘इक्थिओसॉरस’ असे नाव मिळाले. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मासा-सरडा’ असा होतो. तो मासाही नव्हता आणि मगरही नव्हता. सागरात राहू लागलेला, हवेत श्वास घेणारा, परंतु माशासारखा पोहणारा असा तो सरीसृप होता.

हा वाद केवळ नावाचा नव्हता. त्या काळी युरोपातील बहुसंख्य लोक असे मानीत की, पृथ्वी निर्माण होऊन सुमारे सहा हजार वर्षे झाली आणि ईश्वराने निर्मिलेली कोणतीही जात समूळ नष्ट होऊ शकत नाही. पॅरिसचे प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी १७९६ पासून प्रतिपादन चालविले होते की, पूर्वीचे अनेक प्राणी आज पृथ्वीवर मुळीच उरलेले नाहीत. लहानसहान शिंपल्यांबद्दल असे कोणी म्हटले, तर प्रतिपक्षी म्हणत, ‘तो प्राणी कोठल्यातरी खोल समुद्रात असेल!’ परंतु १७ फुटी जलचराविषयी असे म्हणणे कठीण झाले. एका मुलीने उकरून काढलेल्या हाडांनी मोठमोठ्या पंडितांना निरुत्तर केले.

मात्र होम यांच्या त्या निबंधात ही हाडे कोणी शोधली, याचा उल्लेखही नव्हता. संग्रहालयांच्या पाट्यांवर दान देणाऱ्या धनिकांची नावे असत; हातोडी घेऊन चिखलात उभ्या राहिलेल्या मुलीचे नाव नसे. घरची स्थितीही सुधारली नाही. नवा मोठा सांगाडा रोज सापडत नसतो. १८२० च्या सुमारास भाडे भागविण्यासाठी घरातले सामानसुमान विकण्याची पाळी आली. त्या वेळी टॉमस बर्च नावाचे एक निवृत्त सेनाधिकारी धावून आले. त्यांनी या कुटुंबाकडून अनेक जीवाश्म विकत घेतलेले होते. आपला सारा संग्रह त्यांनी लंडनमध्ये लिलावात काढला आणि आलेले सुमारे ४०० पौंड अ‍ॅनिंग कुटुंबाच्या स्वाधीन केले. ज्यांच्या कष्टांवर आपला संग्रह उभा राहिला, ते उपाशी असताना आपण संग्रहाचा अभिमान मिरवावा, हे त्या सज्जनाला रुचले नाही. शास्त्राच्या इतिहासात अशा माणसांचीही नोंद ठेवली पाहिजे.

मेरी आता तरुण झाली होती. दगड विकून पोट भरणे एवढ्यावर ती संतुष्ट नव्हती. आपण काय विकतो आहोत, हे तिला कळून घ्यावयाचे होते. शास्त्रीय ग्रंथ विकत घेण्यास पैसे नव्हते. म्हणून ती कोणाकडून तरी निबंध उसने आणी आणि सबंध निबंध आपल्या हाताने उतरवून काढी. शब्द तर उतरवीच. परंतु त्यातील बारीकसारीक आकृत्याही इतक्या हुबेहूब काढी की, मूळ कोणते व नक्कल कोणती हे ओळखणे कठीण व्हावे. हाडांची रचना समजावी म्हणून ती बाजारातले मासे आणि माकूळ चिरून त्यांचे अवयव पाही. १८२४ साली तिच्याकडे आलेल्या एका प्रतिष्ठित बाईंनी आपल्या रोजनिशीत लिहिले आहे की, ही मुलगी हाड पाहताच ते कोणत्या प्राण्याचे हे ओळखते आणि प्राध्यापकांशी बोलताना त्यांच्याहून अधिक जाणते असे वाटते.

या ज्ञानाचा कस लवकरच लागला. डिसेंबर १८२३ मध्ये मेरीला आणखी एक सांगाडा सापडला. सुमारे नऊ फूट लांब, डोके इवलेसे आणि मान मात्र विलक्षण लांब! जणू कासवाच्या धडातून साप ओवलेला. या प्राण्यास ‘प्लेसिओसॉरस’ असे नाव आहे. त्याचे चित्र पॅरिसला गेले, तेव्हा थोर क्यूव्हिए यांनी शंका घेतली की, मानेचे इतके मणके कोणत्याही सरीसृपाला असणे शक्य नाही. कोणीतरी दोन प्राण्यांची हाडे जुळवून फसवणूक केली असावी. विचार करा, हा आरोप किती भयंकर होता! मेरीच्या मालावरचा विश्वास उडाला असता, तर त्या घरची चूल कायमची विझली असती. लंडनच्या भूशास्त्र मंडळात या प्रश्नाची चर्चा झाली. ज्या सभेत तिच्या प्रामाणिकपणाचा निर्णय व्हावयाचा, त्या सभेत तिला प्रवेश नव्हता. कारण स्त्रियांना त्या मंडळाचे दार बंद होते. परंतु हाडे तेथे होती आणि हाडे खोटे बोलत नाहीत. सांगाडा अस्सल ठरला आणि क्यूव्हिए यांनी आपली चूक मोकळ्या मनाने मान्य केली. आपली चूक कबूल करणे हेही विद्वत्तेचेच लक्षण होय.

यानंतर मेरीचे कार्य थांबले नाही. १८२८ साली तिला पंख असलेल्या एका सरीसृपाचा सांगाडा सापडला. खरोखरच पंखांचा ड्रॅगन! जर्मनीबाहेर असा प्राणी प्रथमच सापडत होता. इक्थिओसॉरसच्या सांगाड्यांत पोटाच्या जागी तिला काही गोळे आढळत. इतरांना ते साधे दगड वाटत. मेरीने ते फोडून पाहिले. आत माशांची हाडे व खवले होते. या निरीक्षणावरून बकलंड नावाच्या प्राध्यापकांनी १८२९ साली दाखवून दिले की, हे गोळे म्हणजे त्या प्राण्यांची दगड झालेली विष्ठा होय. तुम्हाला हसू आले असेल. परंतु कोट्यवधी वर्षांपूर्वीचा प्राणी काय खात होता, हे सांगणारा याहून खात्रीचा पुरावा दुसरा कोणता? आपल्या महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा या गावी डायनासोरांच्या काळातील असेच गोळे सापडतात. २००५ साली शास्त्रज्ञांनी त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष ओळखले आणि डायनासोरांच्या काळी गवत नव्हतेच, हा जुना समज खोटा ठरला.

मेरीची एक वडीलधारी मैत्रीण होती, एलिझाबेथ फिल्पॉट. माकुळासारख्या प्राचीन प्राण्यांच्या जीवाश्मांत मेरीला वाळलेल्या शाईच्या पिशव्या आढळल्या होत्या. फिल्पॉटबाईंनी ती शाई पाण्यात कालवली आणि तिनेच इक्थिओसॉरसचे चित्र काढले. ज्या समुद्रात तो प्राणी पोहत होता, त्याच समुद्रातील शाईने त्याचे चित्र! असे चित्र काढण्याचे भाग्य किती चित्रकारांना लाभले असेल?

१८३० साली मेरीचे बालमित्र आणि भूशास्त्रज्ञ हेन्री डी ला बेश यांनी एक जलरंग चित्र काढले. त्यात इक्थिओसॉरस, प्लेसिओसॉरस आणि पंखधारी सरीसृप जिवंत होऊन प्राचीन समुद्रात एकमेकांशी झुंजताना दाखविले होते. त्या चित्राच्या प्रतींच्या विक्रीचे उत्पन्न त्यांनी मेरीला दिले. पुढे १८४० साली टॉमस हॉकिन्स नावाच्या एका संग्राहकाने या प्राण्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याने त्यांना ‘महान सागरी ड्रॅगन’ असेच म्हटले. पाहा कसे चक्र पूर्ण झाले! हाडांतून माणसाने ड्रॅगनची गोष्ट रचली होती. आता त्या गोष्टीतून पुन्हा हाडे बाहेर आली होती आणि ती गोष्टीपेक्षा अधिक अद्भुत होती.

हे सर्व कार्य जिवावरचे होते. १८३३ साली मेरी कड्याखाली काम करीत असता एकाएकी दरड कोसळली. तिचा लाडका कुत्रा ट्रे नेहमी तिच्याबरोबर असे. जीवाश्म सापडलेल्या जागेची तो राखण करी. त्या दरडीखाली तो तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. ती स्वतः क्षणभराच्या अंतराने वाचली. दुसरी एखादी असती, तर तिने हातोडी कायमची खाली ठेवली असती. मेरी पुन्हा कड्याकडे गेली.

९ मार्च १८४७ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, कर्करोगाने मेरीचे देहावसान झाले. ज्या भूशास्त्र मंडळाने तिला कधी आत घेतले नाही, त्याच मंडळाच्या सभेत अध्यक्षपदावरून डी ला बेश यांनी तिच्या स्मृतीस आदरांजली वाहिली. मंडळाच्या सभासदांनी खर्च करून १८५० साली लाइम रेजिसच्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचांची खिडकी बसविली. त्याच मंडळाने स्त्रियांना सभासद करून घेतले ते मात्र १९१९ साली. २०१० साली इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने विज्ञानाच्या इतिहासावर प्रभाव पाडणाऱ्या दहा ब्रिटिश स्त्रियांची नावे जाहीर केली; त्यांत मेरी अ‍ॅनिंगचे नाव होते. पुढे एका शाळकरी मुलीने प्रश्न केला, ‘आमच्या किनाऱ्यावर मेरीचा पुतळा का नाही?’ तिने आणि तिच्या आईने लोकांकडून निधी जमविला आणि २१ मे २०२२ रोजी, मेरीच्या जन्मदिवशी, लाइम रेजिस येथे तिचा पुतळा उभा राहिला. हातात हातोडी आहे, बाजूला ट्रे आहे आणि पावले समुद्राकडे निघाली आहेत.

मेरीच्या त्या पहिल्या प्राण्याची कवटी आजही लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पाहावयास मिळते. परंतु त्यासाठी एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. २०१७ साली गुजरातमधील कच्छ जिल्ह्यात, लोडाई गावाजवळच्या खडकात, इक्थिओसॉरसच्याच कुळातील एक सांगाडा सापडल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. त्याची लांबी सुमारे साडेपाच मीटर. म्हणजे मेरीच्या ड्रॅगनएवढीच! आज जेथे उन्हाने भूमी तापते, तेथे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी त्याच कुळातले सागरी ड्रॅगन पोहत होते.

मुलांनो, तुमच्या गावाभोवतीचे डोंगर तुम्ही रोज पाहता. त्यांपैकी बरेच अग्निरसाच्या काळ्या खडकाचे आहेत. त्यांत हाडे क्वचितच सापडतात. तरीही प्रत्येक दगडाला त्याचा इतिहास असतोच. त्यास विचारणारा मात्र कोणी पाहिजे. मेरीजवळ ग्रंथ नव्हते, धन नव्हते, मान नव्हता. तिच्यापाशी एक प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत वाट पाहण्याचा धीर होता. अनोळखी वस्तू समोर आली असता भिऊन पळणारे पुष्कळ असतात. तिची गोष्ट रचणारे त्याहून पुष्कळ असतात. थांबून, वाकून, ‘धड कोठे आहे?’ असे विचारणारे थोडे असतात. त्या थोड्यांत तुमची गणना व्हावी.

शब्दार्थ

अजस्र – फार मोठे. निवर्तणे – मरण पावणे. उमेदवारी – कारागिराच्या हाताखाली राहून काम शिकणे. सरीसृप – सरपटणारा प्राणी. प्रतिपादन – आपले मत कारणे देऊन मांडणे. निरुत्तर करणे – उत्तर देता येणार नाही असे करणे. माकूळ – शाईसारखा द्रव सोडणारा एक सागरी प्राणी. आदरांजली – आदराने वाहिलेली श्रद्धा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लाइम रेजिस हे गाव कोठे आहे?
(आ) मेरीने जीवाश्म विकण्याचा उद्योग कोणत्या प्रसंगानंतर सुरू केला?
(इ) ‘इक्थिओसॉरस’ या शब्दाचा अर्थ काय?

२. कारणे द्या.
(अ) जीवाश्म गोळा करण्याचे काम हिवाळ्यातच करावे लागे.
(आ) प्लेसिओसॉरसविषयी क्यूव्हिए यांनी शंका घेतली.
(इ) टॉमस बर्च यांनी आपला संग्रह लिलावात काढला.

३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मेरीने स्वतःचे शिक्षण कसे केले?
(आ) ‘हाडे खोटे बोलत नाहीत’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
(इ) शाळिग्राम आणि सर्पशिला यांतील साम्य सांगा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
छत्र हरपणे, तोंडात बोटे घालणे, कस लागणे, दिवस कंठणे.

५. ‘मला अनपेक्षितपणे सापडलेली वस्तू’ या विषयावर वीस ओळींचा निबंध लिहा. ती वस्तू काय असावी, याविषयी प्रथम काय वाटले आणि नीट पाहिल्यावर काय कळले, हे दोन्ही लिहावे.

६. उपक्रम : आपल्या परिसरातील तीन निरनिराळे दगड आणून त्यांचा रंग, वजन व कठीणपणा यांची नोंद वहीत करा. डोंगरकड्याखाली मोठ्या माणसांना बरोबर घेतल्यावाचून जाऊ नये.